चौथा ठिपका उठत नाही

नाशिक, १९ ऑगस्ट २००१

आशाताई,

वर आधी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं होतं, ते खोडलं. साडेतीन वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या बाईनं ‘सप्रेम’ कुठल्या तोंडानं लिहावं? तुमचा औरंगाबादचा पत्ता नवसाबाईनं दिला. ती अजून शाळेत झाडलोट करते आणि दर दिवाळीला वसतिगृहातल्या एखाद्या बाईकडून लिहून घेऊन तुम्हाला कार्ड टाकते, हे मला परवा कळलं.

काल शाळेत कार्यक्रम झाला. तेव्हापासून मला मळमळतंय. जेवण जात नाही. हे कुणाला तरी सांगायला हवं आणि या शाळेची घाण ओळखणारं दुसरं माणूस मला माहीत नाही.

‘बोलका संगणक कक्ष’ अशी पाटी लागली आहे. आपण जिथं मुलांना ब्रेलची अक्षरं शिकवायचो, तीच खोली. फरशी नवी, पडदे नवे, चार संगणक. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते हे संगणक मोठ्यानं वाचून दाखवतात, म्हणजे आंधळ्या मुलाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मुंबईच्या कुठल्याशा मंडळाची देणगी. मंडळी सपत्नीक आली होती, गळ्यात झेंडूचे हार. मुख्याध्यापक अजून बोडके सरच आहेत, त्यांनी दोन दिवस आधीच भागीला निवडून ठेवलं होतं. भागी तुम्हाला आठवेल. पेठकडची, झिपरूची मुलगी, गोवरात डोळे गेलेली. तुम्ही होतात तेव्हा चौथीत होती, आता आठवीत आहे. सर तिला म्हणाले, “तू काही करायचं नाहीस. कानाला हे लावून बसायचं, बोटं बटणांवर ठेवायची आणि हसायचं.”

ती बसली. पडद्यावर रंगीत मासे इकडून तिकडे पोहत होते. पाहुण्यांना वाटलं, हाच तो कार्यक्रम. मुख्य पाहुणे वाकून म्हणाले, “बेटा, क्या सुनाई दे रहा है?”

 भागीची सवय तुम्हाला माहीत आहे, हाताला लागेल ती वस्तू ती टोकापर्यंत चाचपते. कानाजवळची वायर तिनं बोटांत धरली आणि सरकत सरकत शेवटाला आली. टोक तिच्या हातातच आलं. ते तिनं वर धरलं आणि विचारलं, “सर, ही कुठं खोचायची?”

 मग पाहुणे खो खो हसले. “कितनी होशियार है!” टाळ्या पडल्या. फोटोवाला म्हणाला, “तशीच धर गं, अजून वर.” आजच्या पेपरात तो फोटो आहे. भागी वायरचं टोक हातात धरून बसली आहे आणि खाली छापलंय, अंध भागीरथी झाली संगणकसाक्षर.

पाहुणे जेवायला गेले तशी सरांनी संगणकांवर प्लास्टिकची आवरणं घातली आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली खिशात. पाहुण्यांना बासुंदी, वसतिगृहातल्या मुलांना खिचडी.

दुपारी भागीनं मला गाठलं. “बाई, ते खरंच बोलतं का?”

“बोलतं,” मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

आपलं ब्रेल टाइप करायचं यंत्र, तो ब्रेलर, कोठीच्या कपाटात सगळ्यात खाली अजून तसाच पडून आहे. त्याचं जे झालं ते झालं. त्यावर आज लिहीत नाही.

ललिता


नाशिक, ७ ऑक्टोबर २००१

आशाताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरलं नव्हतं. तरी लिहिते.

गेल्या रविवारी सर सायखेड्याला लग्नाला गेले. नवसाबाईकडे झाडण्यासाठी खोलीची एक किल्ली असते. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, “मी व्हरांडा झाडत बसते. माझं झाडणं थांबलं की समजा, कोनीतरी आलं.” मी आणि भागी आत गेलो.

ताई, चारपैकी तीन संगणकांत ते बोलणारं काही टाकलेलंच नाही. नुसतेच संगणक, कुठल्याही कचेरीत असतात तसे. चौथ्यात आहे, पण विकत घेतलेलं नाही, चाखून बघायला फुकट देतात त्यातलं. चाळीस मिनिटं बोलतं आणि गप्प होतं. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. देणगीदारांना हे माहीत नाही, की माहीत असून चालतंय, मला कळत नाही. दोन्हींत मला जास्त शिसारी कशाची यावी हेही कळत नाही.

आवाज इंग्रजी आहे, मराठीचं एक अक्षर त्याला वाचता येत नाही. मी ‘गोदावरी’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर त्यानं असा काही उच्चार केला की भागी खुर्चीतून घसरेपर्यंत हसली. “बाई, हा सायब गोदावरीत पडला वाटतं!” पण तासाभरात तिनं पन्नास शब्दांची स्पेलिंगं स्वतः टाइप करून, स्वतः ऐकून दुरुस्त केली. कुणी तिला चूक म्हणालं नाही, कुणी ‘शाब्बास’ म्हणून डोक्यावर हात फिरवला नाही. यंत्र मधेच गप्प झालं तेव्हा तिनं विचारलं, “मी काय चुकीचं दाबलं का?” तिला काय सांगू? तुझ्या नावावर फुकटाचं आणून बसवलंय, हे?

मी सरांना दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं, मुलांना आठवड्यातून दोन तास तरी द्या. ते म्हणाले, “बाई, नाजूक वस्तू आहे. मुलं चाचपून खराब करतील. तपासणी होऊ द्या.” चाचपून खराब करतील! आंधळ्या मुलांनी दुसरं काय करायचं?

आता कामाचं. मी कपाटातून ब्रेलर बाहेर काढला आहे. मराठीसाठी या शाळेत तेवढंच एक यंत्र आहे. मुलं अजून पाटी आणि टोचणीनं एकेक ठिपका टोचत बसतात, उलट्या बाजूनं, आणि लिहिलेलं वाचायला कागद काढून पालटावा लागतो. गणितात तर मागची ओळ बघायची सोय नाही, भागी सगळं डोक्यात धरते. ब्रेलरची पाच बटणं चालतात. चौथ्या ठिपक्याचं बटण दबतं, पण ठिपका उठत नाही. त्यामुळे ‘ग’चा ‘ह’ होतो आणि ‘म’चा ‘क’. तो कसा उघडायचा तेवढं कळवा. तुम्ही पुण्याला त्याचं शिक्षण घेतलं होतंत.

तेव्हा मी नवीन होते. नोकरी कायम नव्हती. सरांनी कागद पुढे केला. मी काय करणार होते? एवढंच म्हणायचं होतं.

ललिता


नाशिक, १६ डिसेंबर २००१

आशाताई,

तुमचं कार्ड मिळालं. नाव नाही, सही नाही, सहा ओळी. मागचे चार स्क्रू काढ. खालचं झाकण सरकव. वंगण घालू नकोस. दांडा वाकला असेल तर घरी ठोकू नकोस, टाइपरायटरवाल्याकडे ने. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय.

कोर्टाच्या बाहेर टायपिस्ट बसतात, त्यांच्या टोकाला चिमाजी म्हणून एक म्हातारा मिस्त्री आहे. ब्रेलर त्यानं जन्मात पाहिला नव्हता. आधी चारी बाजूंनी फिरवून पाहिला, मग सहाही बटणं दाबून कान लावला. उघडलं, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, “बाई, हे आदळलेलं नाय. आदळलं असतं तर वरचा पत्रा फुटला असता. हे पायऱ्यांवरनं पडलंय, एका कोपऱ्यावर. कोनी पाडलं?”

“मी,” मी म्हणाले.

जवळजवळ चार वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला, तोही एका अनोळखी मिस्त्रीपुढे, वकील आणि पक्षकार आजूबाजूनं जात असताना.  चिमाजी दांडा सरळ करायला लागला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सरांनी कागद पुढे केला. खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. आता सगळं लिहिते.

त्या जानेवारीत सकाळी तुमचं आणि सरांचं भांडण झालं. यंत्र मुलांसाठी आहे, कपाटासाठी नाही, असं तुम्ही सगळ्यांदेखत सुनावलंत आणि वर्गावर गेलात. अकराला पाहुणे यायचे होते. सरांनी मला सांगितलं, ब्रेलर स्टेजवर नेऊन ठेवा, फोटोला बरा दिसतो. मी नवी साडी नेसले होते. मधल्या जिन्यात निरी पायात आली. मी कठडा धरला आणि ब्रेलर सोडला. मला स्वतःला सावरायचं की त्याला, एवढाच प्रश्न होता आणि मी स्वतःला सावरलं. तो सहा पायऱ्या खाली गेला.

सर वर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. मी रडायला लागले तर म्हणाले, “रडू नका. कसं पडलं ते मी बघतो.” दुपारी कागद तयार होता. आशाबाईंनी रागाच्या भरात यंत्र टेबलावरून ढकलले, हे मी समक्ष पाहिले. ताई, त्यांना तुम्ही नकोच होतात. मी त्यांच्या हातात आयतं दिलं. त्यांनी मला दमदाटी केली नाही. पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं, बस्स. आणि सही करताना मला भीती नव्हती वाटली, सुटल्यासारखं वाटलं होतं. ते आठवलं की आता माझीच मला किळस येते. बोडके सरांची येते त्याहून जास्त.

मुलांनाही तेच सांगण्यात आलं. आशाबाईंनी तुमचं मशीन फोडलं. तुम्ही गेल्यावर भागी आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती.

ब्रेलर चालतो. काल भागीनं त्यावर पहिला कागद लिहिला, स्वतःचं नाव, गावाचं नाव, मग सतराचा पाढा, मग वहीतलं एक समीकरण ओळीखाली ओळ. लिहून झालं की बोट वर नेऊन मागची पायरी तपासायची. असं पाच-सहा वेळा केलं. मग म्हणाली, “बाई, एवढं सगळं मी उगाच डोक्यात धरून बसले होते.”

तिला मी अजून सांगितलेलं नाही.

ललिता


नाशिक, ४ मे २००३

आशाताई,

सोबत एका निवेदनाची प्रत आहे. आधी ती वाचा, मग हे.

वर्षभर ब्रेलर वर्गात वापरात होता. सरांनी दुर्लक्ष केलं, कारण भागीचे मार्क वाढले आणि ते त्यांना अहवालात लिहिता आले. संगणक मात्र कुलपातच. नंतर त्यातला एक ऑफिसात गेला. संस्थेचं मंगल कार्यालय आहे ना, त्याच्या तारखा त्यावर ठेवतात. कोणत्या मुहूर्ताला कुणाचं लग्न, ते बोलक्या संगणक कक्षातल्या संगणकावर!

जानेवारीत सरांनी मला बोलावलं. “भागीला दहावीला बसवू नका. निकाल खाली येईल. तिला खुर्च्या विणायला घाला. या मुलांना शेवटी तेच करायचंय.”

मी म्हणाले, “नववीत ती पहिल्या दहात आहे.”

“नववी आपण तपासतो, बाई. दहावी बोर्ड तपासतं. मला दरवर्षी शंभर टक्के लागतात.”

झिपरूला निरोप गेला होता. तो पेठहून आला, दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. सरांनी त्याला गोड बोलून समजावलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग मला म्हणाला, “बाई, मी द्राक्षाच्या बागंत जातो, मला यातलं काय कळत नाय. तुमी सांगा. पोर शिकंल का?”

“शिकेल.”

“मंग बसू द्या की तिला.”

सर हसले आणि म्हणाले की या बाईंचं फार मनावर घेऊ नका. झिपरू गेल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून फाईल काढली. माझ्या सहीचा १९९८चा कागद वरच ठेवलेला होता. “तो ब्रेलर तुमच्याच साक्षीनं निकामी ठरलाय. नोंदीत नसलेली वस्तू तुम्ही वर्गात वापरता. शिवाय कोणी फोडलं हे पुन्हा निघालं तर आशाबाईंची बदनामी पुन्हा होईल. तुम्हाला चालेल?”

तुमच्या बदनामीची काळजी ते करत होते.  मी बेसिनपर्यंत गेले, तोंड धुतलं आणि परत आले.

मार्चमध्ये देणगीदारांची समिती आली. सरांनी भागीला पुन्हा खुर्चीत बसवलं होतं. या वेळी वायर खोचलेली होती. चाळीस मिनिटांत पाहुणे निघून जातील असा त्यांचा हिशेब. समितीत एक बाई होत्या, सुमनबाई नावाच्या. त्या उठेचनात. यंत्र गप्प झालं. सुमनबाईंनी विचारलं, “काय झालं?” भागी म्हणाली, “हे नेहमी असंच थांबतं. फुकटचं आहे म्हणून.” मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं कुठून ऐकलं कोण जाणे.

तेव्हा मी उठले आणि आधीच टाइप करून ठेवलेलं निवेदन सुमनबाईंच्या हातात दिलं. त्याची प्रत तुमच्यासमोर आहे. ब्रेलर माझ्या हातून पडला, आशाबाई त्या वेळी वर्गावर होत्या, माझी आधीची साक्ष खोटी आहे. आणि खाली संगणकांचं सगळं. सुमनबाईंनी ते उभ्यानं वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाल्या, “हे आम्ही बैठकीत ठेवू.” ठेवलं असेल. त्यानंतर काही कानावर आलं नाही. मंडळाचा फलक अजून भिंतीवर आहे.

माझी नेमणूक वर्षावर्षाची होती. पुढच्या वर्षाची मिळाली नाही. निघताना सर म्हणाले, “ते निकामी यंत्रही घेऊन जा. भंगार आहे.” मी पिशवीत घालून घेऊन आले. भागीला सरांनी वसतिगृहातून काढलंय. ती माझ्याकडे पंचवटीत राहते, दोन खोल्या आहेत. बाहेरून दहावीला बसवायचा सतरा नंबरचा फॉर्म भरणार आहोत. मी शिकवण्या घेते, मधल्या वेळात तिच्या इतिहास-भूगोलाच्या कॅसेट भरते.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

ललिता


नाशिक, २७ जून २००४

आशाताई,

भागी पास झाली, अठ्ठावन्न टक्के. गणितात एकेचाळीस, इंग्रजीत सत्तर. परीक्षेत उत्तरं लिहून घ्यायला शेजारची नववीतली दिशा बसली होती. कच्चं काम भागीनं ब्रेलरवर केलं. त्याच्या आवाजानं बाकीच्या मुलांना त्रास होतो म्हणून दोघींना जिन्याखालच्या खोलीत बसवलं. तिथं पंखा नव्हता. भागी म्हणाली, बरं झालं, कुणी बघत नव्हतं.

निकालानंतर तीन दिवसांनी शाळेच्या फाटकावर फलक लागला. आमची यशस्वी विद्यार्थिनी कु. भागीरथी. वर तोच फोटो. बोडके सरांनी सत्काराचं बोलावणं पाठवलं, शाल-श्रीफळ. मी वाचून दाखवलं. भागी म्हणाली, “बाई, मला ओकारी येते. तुम्हाला येत नाय?” तिच्या तोंडी माझाच शब्द ऐकून बरं वाटलं, आणि वाईटही. सोळा वर्षांच्या मुलीला एवढं तरी यायला नको होतं. ती गेली नाही.

तुमचं दुसरं कार्ड गेल्या सोमवारी आलं. अकरावीला पाठव, माझ्याकडे राहील, इथं मराठी बोलणारं यंत्र बनवायची खटपट चालू आहे, तिचा उपयोग होईल. आणि खाली वेगळी ओळ. भागीला सांगितलंस का?

नव्हतं सांगितलं. सव्वा वर्ष ती माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी जेवली आणि मी सांगितलं नव्हतं. निवेदन मराठीत टाइप केलेलं होतं, ते तिला वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही. दर वेळी वाटायचं, आधी सहामाही होऊ दे, आधी परीक्षा होऊ दे. तुमच्याकडे यायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. “त्या रागीट बाई? ज्यांनी आमचं मशीन फोडलं?” तरी मी गप्प बसले. स्वतःबद्दल यापुढे काय लिहू?

काल तिला गावी सोडायला निघाले. पेठची एस.टी., सकाळची. ब्रेलर माझ्या मांडीवर होता. घाट चढताना मी सांगितलं. साडी, जिना, कागद, सही, सगळं. इंजिनाच्या आवाजात मला दोनदा मोठ्यानं बोलावं लागलं. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती.

 तिनं विचारलं, “म्हणजे आशाबाई वर्गावर होत्या?”

“हो. तुमच्याच वर्गावर.”

“मग मला तर ठाऊक असायला हवं होतं. त्या आमच्यासमोर होत्या की.” मग म्हणाली, “मी लहान होते. तुम्ही सांगितलंत ते खरं धरलं.”

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं हात काढून घेतला, झटकला नाही, नुसता काढून खिडकीच्या गजावर ठेवला. करंजाळी गेलं. मग एकदाच म्हणाली, “चार वर्षं मी सगळं तोंडपाठ केलं, बाई.”

फाट्यावर झिपरू आणि तिची आई सरुबाई उभे होते. झिपरूनं माझ्याकडून ब्रेलर घेतला आणि लहान मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी धरला. सरुबाईनं भागीच्या गालावरून बोटं मोडली. मला म्हणाली, “बाई, चला घरी. भाकर टाकलीय, उडदाचं भुजं केलंय. जेवल्याबिगर जायचं नाय.”

मी निघणारच होते त्यांच्याबरोबर.

भागी म्हणाली, “बाईंची गाडी आहे परतीची.”

“आत्ता?” झिपरूनं विचारलं.

“आत्ताच आहे,” ती म्हणाली. आईचा हात धरून ती बांधावरून चालू लागली. झिपरू थोडा घुटमळला, मान लववून नमस्कार केला आणि त्यांच्या मागे गेला.

पुढच्या सोमवारी तो तिला घेऊन औरंगाबादला येईल. तिच्या सामानात ब्रेलर असेल, दुसरं फारसं काही नाही. चहा तिला गोड लागतो.

परतीची गाडी साडेचारला होती. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

ललिता